कासव पाळायचंय? एकच आणा, आणि ते अंगावर आलं तर काय करायचं तेही वाचून ठेवा

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, कासवाची दोन पिल्लं एकदम घेऊ नका. "एकटं पडेल बिचारं" म्हणून जोडी आणणारे खूप असतात आणि काही वर्षांनी तेच लोक विचारत फिरतात की एक दुसऱ्याचे पाय का चावतंय, सारखं उलटं का पाडतंय, आता करू काय. जमिनीवरच्या कासवाला सोबत लागत नाही हो. बहुतेक जातींची कासवं जंगलात आपापली हिंडतात, समोरासमोर आली तर नरांची जुंपते नाहीतर नर-मादी जुळतात, बाकी दिवसभर आपलं आपण चरायचं आणि ऊन खायचं. एकटेपणाची काळजी आपल्याला असते, त्याला नसते.

(इथे मी फक्त जमिनीवरच्या कासवांबद्दल बोलतोय. पाण्यातल्यांचा कारभार वेगळा, टाकी, फिल्टर, मटण-मासे, ते सगळं परत कधीतरी.)

आता जोडीचं असं आहे की पिल्लू हातात असताना नर की मादी हे बघून कळतच नाही. बहुतेक कासवांमध्ये ते अंडं किती तापमानात उबवलं त्यावर ठरतं, थोडं थंड ठेवलं की नर जास्त निघतात, थोडं गरम ठेवलं की माद्या जास्त. म्हणजे एकाच ब्रीडरकडून एकाच वेळची दोन पिल्लं उचलली तर ती दोन्ही नर निघायची चांगलीच शक्यता असते, आणि दोन नर एका जागेत म्हणजे कायमचा डोक्याला ताप. मोठं झाल्यावर ओळखता येतं, नराची शेपूट लांब आणि जाड असते, पोटाकडचं कवच आत खोलगट असतं, मादीची शेपूट आखूड आणि पोट सपाट. पण यातही लोक फसतात. इंग्लंडमध्ये टिमोथी नावाचं एक प्रसिद्ध कासव होतं, क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी जहाजावर होतं ते, त्याला लोक वर्षानुवर्षं नर समजत होते आणि १९२६ मध्ये लक्षात आलं की ही तर मादी आहे. ती मेली २००४ मध्ये. त्यामुळे विकणाऱ्याने "जोडी आहे, नर-मादी" असं छातीठोक सांगितलं आणि पिल्लं तळहाताएवढीच असतील, तर हसून सोडून द्या.

कुठलं घ्यायचं

स्वभावाचा विचार जातीपासूनच करायला हवा, नंतर करून उपयोग नाही. हर्मन, ग्रीक आणि रशियन ही लहान कासवं, साधारण १५ ते २५ सेंटीमीटरपर्यंत जाणारी, नवशिक्याला झेपणारी. यात रशियन नर जरा जास्तच तापट, समोरच्याचे पाय आणि डोकं धरून चावतात, पण एकटं ठेवलं तर भांडायला कुणी नाही म्हणून मस्त राहतं. रेड-फूटेड हे तुलनेने शांत आणि चौकस, मात्र त्याला दमट हवा लागते. लेपर्ड भित्रं आणि सौम्य, पण जागा भरपूर खातं.

आणि मग येतं सुलकाटा. आफ्रिकेतलं हे कासव गॅलापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरच्या महाकाय कासवांनंतर जगातलं सगळ्यात मोठं, पिल्लू असतं खिशात मावेल एवढं आणि दिसतं इतकं गोड की माणूस तिथेच विरघळतो. पुढे नर ४५ किलोच्या वर सहज जातो, खोल बिळं खणतो, प्लायवूडच्या भिंती ढकलून पाडतो, आणि "आमचं कासव अंगावर धावून येतं" अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यातली बरीच कासवं सुलकाटा नर असतात. मोठं मोकळं आवार आणि पक्की भिंत नसेल तर याच्या वाटेला जाऊच नका, हे माझं स्पष्ट मत.

स्टार कासव दिसायला सगळ्यात सुंदर, म्हणूनच त्याची चोरटी विक्री प्रचंड. २०१९ पासून ते साइटीस कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावर बंधनं घालणारा करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून पकडून देशाबाहेर विकायला पूर्ण बंदी, आणि भारतात तर ते घरात ठेवणंच गुन्हा आहे. बाकी जमिनीवरची सगळी कासवंही या कराराच्या कुठल्या ना कुठल्या यादीत येतातच, तेव्हा तुम्ही जिथे राहता तिथला कायदा आधी बघा, विकणाऱ्याकडे कागद मागा, आणि तो "कागदाचं नंतर बघू" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

वयाचाही हिशोब करा. लहान जातीसुद्धा ५० वर्षं आरामात काढतात. सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन नावाचं मोठं कासव साधारण १८३२ च्या आसपास जन्मलं असं धरतात. तुमच्यानंतर याला कोण सांभाळणार हा प्रश्न चेष्टेचा नाहीये.

घेताना आणि आणल्यावर

निवडताना त्याला चालू द्या. चांगलं कासव चारही पायांवर अंग उचलून चालतं, पोट फरफटत नाही. डोळे उघडे आणि स्वच्छ, नाक कोरडं, नाकातून बुडबुडे येत असतील तर नको. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे आणि पाय हळूच ओढला की त्याने जोरात आत खेचला पाहिजे. लोक नेमकं कोपऱ्यात मलूल बसलेलं घेतात, का तर ते "शांत" वाटतं. ते शांत नसतं, आजारी असतं.

राहायच्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो कारण यावर माहिती भरपूर मिळते. लहान जातीला आत ठेवायचं तर कमीत कमी चार फूट बाय दोन फूट जागा, एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, दुसरं टोक थंड, आणि युव्हीबी बल्ब, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारा दिवा, हवाच हवा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच युव्हीबी अडवते. बल्ब पेटत असला तरी त्यातलं युव्हीबी कमी होत जातं म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण ६ ते १२ महिन्यांत, बदलायचा. हे चुकलं की कवच मऊ पडतं आणि हाडं वाकतात. खायला हर्मन, ग्रीक, रशियन, सुलकाटा, लेपर्डला गवत आणि रानपाला, कॅल्शियमसाठी समुद्रफेस, आणि फळं जवळजवळ नाहीच. रेड-फूटेडला मात्र थोडी फळं चालतात. पिल्लांना कोमट उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवायचं, आठवड्यातून तीन-चारदा तरी.

दोन गोष्टी मात्र भांडणाशी थेट जोडलेल्या आहेत म्हणून नीट वाचा. एक, काचेची टाकी नको. कासवाला काच कळत नाही, ते दिवसभर त्या काचेला धडका मारत, नखांनी ओरबाडत बसतं, आणि त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर नर त्यालाच दुसरा नर समजतो आणि तापतो. लाकडी बाजू असलेला, वरून उघडा पेटीसारखा टेबल उत्तम. बाहेर ठेवणार असाल तर कुंपणसुद्धा आरपार दिसणारं नको, जाळीपलीकडचं दिसतं म्हणजे तिकडे जाता येतं असं त्याचं गणित. दोन, कुंपणाचा खालचा भाग फूटभर तरी जमिनीत गाडा, आणि कोपरे काटकोनात ठेवू नका, तिथेच चढून ती उलटी पडतात. उलटं पडलेलं कासव उन्हात राहिलं तर काही तासांतही मरू शकतं, कारण फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून वर असतात आणि उलटं झाल्यावर सगळ्या आतड्या-पोटाचं वजन त्यांच्यावर येतं, वर गरमी.

कवचाला भोक पाडून दोरी बांधायची आयडिया कुणी दिली तर त्याला दारातूनच वाटेला लावा. कवच जिवंत हाड आहे, त्यात रक्त आणि नसा असतात, दुखतं त्याला.

आता मुद्द्याचं, ते अंगावर येतं तेव्हा

आधी हे ओळखा की खरंच चिडलंय का. कासवाने फुस्स आवाज केला की लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा तो रागाचा नसतोच, डोकं झटकन आत घेताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते त्याचा तो आवाज. ते घाबरलंय, बस. त्याला सोडा, दोन पावलं मागे व्हा.

चिडलेलं कासव डोकं आत घेऊन बसत नाही, ते तुमच्याकडे येतं. एका ओळखीच्यांच्या आवारात सुलकाटा नर आहे, त्याला मी बादलीवर हल्ला करताना अगदी जवळून पाहिलंय. आधी चालता चालता एकदम थांबला. मान दोन-तीनदा वरखाली झाली. मग डोकं अर्धं आत, पुढचे पाय ताठ, आणि मानेखाली कवचाचा जो भाग पुढे आलेला असतो ना, दोन शिंगं जुळवल्यासारखा, तो बादलीच्या बुडाखाली घातला आणि टक्, परत टक्, मग वर उचकटून बादली आडवी. बादली गडगडत भिंतीला लागली तरी हा मागे मागे. त्यांचं भांडण असंच असतं, समोरच्याला खालून उचलून उलटं पाडायचं. बादलीच्या जागी तुमची पोटरी असेल तर काय होईल याचा विचार करा, आणि मोठं कासव असेल तर भिंत आणि त्याच्या मधे कधीच उभे राहू नका. वेग कमी असतो पण मागे जोर असतो.

हे का होतं? कारणं फार नसतात. नर वयात आला, हे पहिलं. मादीचा वास किंवा दुसरा नर आसपास, हे दुसरं, आणि यात बूट पण आले, गडद किंवा भडक रंगाचा, जमिनीलगत हलणारा गोलसर बूट त्याला दुसरं कासव वाटतो, मग तो एकतर भांडतो नाहीतर त्याच्यावर चढायला बघतो, दोन्ही तितकंच अवघड प्रकरण. थंडीच्या झोपेतून उठल्यावरचे काही आठवडे नर सगळ्यात जास्त उसळलेले असतात. जागा अपुरी असली की हे सगळं दुपटीने. मादीसुद्धा चिडते, अंडी घालायला जागा खणत असेल तेव्हा, आणि आशियातल्या जंगली डोंगराळ भागातलं मॅनौरिया एमिस नावाचं मोठं कासव तर पालापाचोळ्याचा ढीग करून त्यात अंडी घालतं आणि मादी काही दिवस त्या ढिगावर पहारा देते, कोण जवळ आलं तर ढकलून लावते.

आणि अचानक, कधी नव्हे ते चावायला लागलं असेल तर दुखणं शोधा. तोंडात फोड, कवचाला भेग, पोटात मुतखडा, अडकलेलं अंडं. वागणूक एका आठवड्यात बदलली तर आधी सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा डॉक्टर, मग बाकीचे उपाय.

उपाय म्हणाल तर पहिला बूट बदला. हसू नका, फिक्या रंगाचे साधे बूट घालून आत गेलं की बऱ्याच नरांचा निम्मा उत्साह तिथेच संपतो. दुसरं, आत जायच्या आधी लांबच्या कोपऱ्यात चारा टाका, तो तिकडे गेला की तुमची साफसफाई उरका. तिसरं, हातात फळीचा किंवा जाड प्लास्टिकचा एक रुंद तुकडा ठेवा, तो आला की मधे उभा धरायचा, दिसायचं बंद झालं की बहुतेक वेळा त्याचा इंटरेस्टच जातो. लाथ मारायची नाही, झाडूने बडवायचं नाही, उलटं करून "धडा" शिकवायचा नाही, त्याला यातून एवढंच कळतं की समोरचा नर अजून भांडतोय. आवारात मोठे दगड, झुडपं, ओंडके टाका म्हणजे त्याला एका टोकापासून दुसरं टोक सपाट दिसणार नाही, आणि एखादा जड ओंडका असा ठेवा जो त्याला ढकलायला मिळेल. खुशाल ढकलू दे, जोर तिथे जिरतो.

शिकवता येतं का? येतं, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. व्हिएन्नाच्या झूमधल्या मोठ्या कासवांना रंगीत टार्गेट चावायला शिकवलं होतं आणि ९ वर्षांनीसुद्धा त्यांना ते आठवत होतं. घरी पण काठीच्या टोकाला एक रंगीत चेंडू लावा, त्याने नाकाने शिवला की लगेच पाला. काही आठवड्यांत तो चेंडूमागे चालायला लागतो, मग त्याला कुंपणाबाहेर काढायचं, वजन करायचं, डॉक्टरांच्या पेटीत घालायचं, सगळं ओढाताण न करता होतं. रंग मात्र असा घ्या जो खाण्याचा नसेल.

कारण चावण्याची बरीच प्रकरणं रागाची नसतातच, चुकून खाणं समजून झालेली असतात. कासवाला लाल-पिवळं लगेच दिसतं, रंगवलेली नखं असलेला पायाचा अंगठा त्याच्यासाठी फळ आहे. हाताने भरवायची सवय लावली की बोट म्हणजे खाणं हे डोक्यात पक्कं बसतं. ताटलीत द्या, सपाट दगडावर द्या, लांब चिमट्याने द्या. दात नसतात त्याला, पण तोंडाची कड चोचीसारखी धारदार असते आणि मोठ्या कासवाची पकड जबर. चावलं तर झटका मारून ओढू नका, कातडी फाटेल. त्याला जमिनीवर टेकवा, हलू नका, पाय जमिनीला लागले की बहुधा सोडतं. मग साबण आणि वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवा, कातडी फाटली असेल तर डॉक्टरांकडे, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते त्यांना सांगा. रेबीजची धास्ती नको, तो सस्तन प्राण्यांचा रोग. साल्मोनेलाची, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची, मात्र धास्ती ठेवा, धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही तो असतो, अमेरिकेत तर लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालून आजारी पडतात म्हणून १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवरच बंदी आली. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर हात लावू देऊ नका, तुम्ही हात लावला की हात धुवा, आणि त्याची भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नकोत.

आणखी एक दुखापत कोणी सांगत नाही. उचलताना बोटं त्याच्या पायाच्या आणि कवचाच्या फटीत गेली आणि त्याने पाय आत ओढला की बोट चेंगरतं, सुलकाटा असेल तर हाड मोडायची पाळी. मधोमध दोन्ही बाजूंनी धरायचं, पायांच्या खाचेत नाही.

"शाकाहारी प्राणी आहे, करून करून काय करणार" असं म्हणणाऱ्यांसाठी, सेशेल्सच्या फ्रेगेट बेटावर २०२० मध्ये एका मोठ्या मादी कासवाने झाडावरून पडलेल्या टर्न पक्ष्याच्या पिल्लाचा ओंडक्यावरून हळूहळू पाठलाग केला, चावून मारलं आणि गिळलं, त्याचा व्हिडिओ आहे. तुमच्या घरचं असं काही करेल असं मी म्हणत नाही, पण सशाची किंवा कोंबडीची पिल्लं त्याच्यासोबत सोडू नका.

आधीच दोन असतील तर

वेगळी करा. चर्चा संपली. थोडं भांडून जमेल त्यांचं, असं होत नाही. आणि उघड मारामारी दिसत नसली तरी बघा, एक दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतंय, सारखं त्याच्या मागे मागे फिरतंय, दिव्याखालची जागा किंवा खाण्याची ताटली अडवून बसतंय. लोक याचे फोटो "किती प्रेम बघा" म्हणून टाकतात. दबलेलं कासव ऊन खात नाही, जेवत नाही, वजन उतरतं आणि आजारी पडतं. एक नर एक मादी हे तर सगळ्यात वाईट, तो दिवसभर तिच्या मागे, पाय चावून रक्त काढतो, कवचावर धडका मारतो, तिला पळायला जागा नसते. जमवायचंच असेल तर एका नरामागे तीन-चार माद्या आणि मोठं आवार, पण मग ते छंदाच्या पलीकडचं काम आहे. वेगवेगळ्या जाती तर एकत्र ठेवूच नका, ग्रीक कासवाच्या अंगात हर्पिसचा विषाणू काहीही न दिसता राहू शकतो आणि त्याच विषाणूने हर्मन मरतं.

उलट बाजू, म्हणजे त्याच्यावर कोणी धावून आलं तर

घरातला कुत्रा. वर्षानुवर्षं शेजारी झोपलेला कुत्रासुद्धा एक दिवस कासव हाडासारखं चघळायला घेतो, त्याला राग लागत नाही, चावायला छान वाटतं एवढंच कारण. देखरेखीशिवाय दोघं एकत्र कधीच नकोत, एक मिनिटही. कुत्र्याने तोंडात धरलं असेल तर ओढाओढी करू नका, त्याच्या आवडीचं खाणं दाखवून सोडायला लावा. उंदरांकडेही लक्ष ठेवा, थंडीच्या झोपेतल्या कासवाचे पाय कुरतडतात, पेटीला बारीक पण मजबूत जाळी हवी.

कवच फुटलं तर सलाइनने किंवा पाण्यात पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुवा, स्वच्छ ओलसर गॉज ठेवा, घरात घ्या म्हणजे माश्या बसणार नाहीत, आणि त्याच दिवशी डॉक्टर. गोंद, फेव्हिक्विक, एम-सील लावून भेग बुजवू नका, आत पू साठतो. फुटलेले तुकडे पडले असतील तर फेकू नका, सोबत न्या.

तरीही झेपत नसेल तर

रानात सोडू नका. परदेशी कासव तिथे एकतर मरतं नाहीतर स्थानिक कासवांना रोग देतं. सरपटणाऱ्या प्राण्यांचा रेस्क्यू, परवाना असलेला ब्रीडर किंवा मोठं आवार असलेला अनुभवी माणूस शोधा, आणि देताना त्याची जात, कागद, वजनाची नोंद, काय खातं, कोणता बल्ब, हे सगळं लिहून द्या. धडका मारतो, बुटावर येतो, माणसाच्या मागे लागतो, हे त्याच कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात.